उष्टी शितं आणि सात्त्विक अन्न

23 फेब्रुवारी 1878. शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या आणि एक दिगंबर तरुण त्यांतली शितं वेचून खात होता. बंकटलाल अग्रवालांनी त्याला पाहिलं. पुढे सारा वऱ्हाड ज्यांना गजानन महाराज म्हणू लागला, त्यांचं हे पहिलं दर्शन.

भाविकांना ही कथा तोंडपाठ असते. तिच्यातली अडचण मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, नीरस, उष्टं अन्न तामस ठरवलं आहे. मग संत ते का खातो? ‘सिद्धाला विधिनिषेध नाहीत’ हे उत्तर सोपं आहे, पण ते सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पोचत नाही.

गीता नीट वाचली तर सात्त्विक अन्नाची ओळख त्याच्या परिणामावरून होते: आयुष्य, बळ, आरोग्य, प्रसन्नता वाढवतं ते सात्त्विक. कुणी शिवलं, कुणाच्या पंगतीतलं, हा विटाळाचा हिशेब तिथे नाही. तो समाजाने चिकटवला आणि त्यापायी माणसं पंगतीतून उठवली. पातुरकरांच्या दाराशी तो हिशेबच मोडला गेला आणि टाकलेल्या शितांनाही अन्नाचा मान मिळाला.

अन्नाचा मनाशी काय संबंध, हे छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी मुलाला चक्क प्रयोग करून दाखवतो. बारा वर्षं वेद शिकून आलेल्या श्वेतकेतूला तो पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो. मग ऋचा म्हणायला सांगतो, तर एकही आठवत नाही. पोटात अन्न गेल्यावर सगळं परत येतं. मन अन्नमय आहे, हे बापाचं म्हणणं मुलाला तेव्हा पटतं.

2017 साली ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी याच दिशेचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याने ग्रासलेल्या 67 जणांपैकी काहींना भाज्या, डाळी, अख्खी धान्यं असा आहार घ्यायला बारा आठवडे मदत केली. उरलेल्यांना तितकाच वेळ नुसती सोबत दिली. आहार सुधारलेल्यांपैकी सुमारे 32 टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले 8 टक्के. अमेरिकेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तितकं खाऊ दिलं. दोन्ही ताटांत साखर, चरबी, तंतू सारखेच वाढलेले. तरी कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि त्या दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं.

शेगाव स्टेशनावरची कचोरी यात कुठे बसते? मैदा आणि तेल, म्हणजे रोज खाण्याची वस्तू नव्हेच. पण ती डोळ्यांदेखत तळली जाते. पाकिटातल्या बिस्किटात कुठल्या कारखान्याचं कुठलं द्रव्य गेलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तरी ‘अख्खं धान्य म्हणजे निर्धोक’ असंही म्हणून चालत नाही, हे याच तालुक्याने सोसलंय. 2024 संपता-संपता बोंडगाव, कालवडसारख्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. डोक्याला रुमाल बांधून पोरीबाळी घरात बसल्या. आधी संशय पाण्यावर गेला. मग विंचूदंशावरील उपचारासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपासण्या केल्या आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस-नखं गळतात. हा गहू पंजाबाकडून आल्याचं सांगितलं गेलं, आणि तिथल्या काही भागांतल्या जमिनीत सेलेनियम मुळातच भरपूर असतं. गहू दिसायला साधाच होता. खाणाऱ्याला त्याचं शेत तेवढं ठाऊक नव्हतं.

शेगाव ज्यात येतं त्या बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या रानात पूर्वी ज्वारी डोलायची. आज खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे. ते तेलाच्या कारखान्याला जातं, पेंड कोंबड्यांना, आणि शेतकरी पोत्यावर आलेल्या पैशातून गहू-तांदूळ आणि पोरांसाठी पाकिटं विकत आणतो. याचा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे: ज्वारीला भाव नाही, पाखरं राखायला माणूस नाही. महाराजांच्या प्रकटदिनाला मात्र घरोघर पिठलं-भाकरी आणि अंबाडीची भाजीच लागते, आणि कित्येक घरी त्या भाकरीचं पीठही दुकानातूनच येतं.

तेव्हा नैवेद्याच्या ताटाइतकीच काळजी रेशनच्या पोत्याचीही घ्यायला हवी. जिल्ह्यात उतरणाऱ्या धान्याची गोदामातच तपासणी व्हावी, ते कुठून आलं हे दुकानाच्या पाटीवर लिहावं, आणि सरकारने इथली ज्वारी इथल्याच शेतकऱ्याकडून परवडेल अशा भावाने घेऊन इथल्याच रेशनकार्डावर द्यावी.