कुब्जेची उटी

॥ श्री ॥



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४२ मधला सुरुवातीचा भाग. कृष्ण-बलराम मथुरेच्या राजरस्त्याने चालले आहेत. सुदामा माळ्याने हार घातले तो प्रसंग काल झाला. आज समोरून एक तरुण बाई येते आहे. हातात उटीचं भांडं, अंग तीन ठिकाणी वाकलेलं, म्हणून नावच पडलं त्रिवक्रा. आपण तिला कुब्जा म्हणतो. ती कंसाची दासी. उटी तयार करणं हे तिचं काम, आणि माझ्या हातची उटी कंसाला फार आवडते असं ती स्वतःच सांगते.

इथे जरा थांबा. कंस कसा माणूस ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच्या घरीसुद्धा या वाकलेल्या बाईला मान होता तो तिच्या हातातल्या कसबामुळे. काम देताना कंसाने तिची पाठ बघितली नाही, उटी बघितली.

हे वाचताना मला आपल्याकडची ती क्रीमची जाहिरात आठवली. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ साली. पुढे तिची एक जाहिरात टीव्हीवर लागायची. घरात पैशाची ओढाताण, बाप म्हणतो मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते आणि विमानात हवाई सुंदरी म्हणून नोकरीला लागते. बाप खूश. म्हणजे मुलगी असणं हा एक कमीपणा, सावळी असणं हा दुसरा, आणि दोन्हींवर उपाय एकाच ट्यूबमध्ये! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या, मोहीम चालवली, आणि २००३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने केबल टीव्हीच्या कायद्याखाली अशा जाहिराती थांबवायला लावल्या. तेव्हाही वाद झालाच. लोकांना हवं ते आम्ही विकतो, सज्ञान बाईने काय लावावं हे सरकारने का ठरवावं, असं एका बाजूचं म्हणणं. ते अगदीच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. पण त्या जाहिरातीत क्रीम नंतर येते हो. आधी येतो बापाचा सुस्कारा. जखम करायची आणि मग मलम विकायचं, याला निवड कसं म्हणायचं?

२०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्याच ॲस्की या संस्थेने नियम केला, की सावळी माणसं दुःखी, अनाकर्षक, मागे पडलेली अशी दाखवू नका. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १९५४ च्या जादूटोणा-औषधांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. ज्या गोष्टींवर उपाय आहे अशी जाहिरात करता येणार नाही, त्यांच्या यादीत त्वचेचा गोरेपणाही घातला. गुन्हा पुन्हा केला तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. हेतू चांगलाच. पण गंमत बघा, रंगाचा व्यापार थांबवायला रंगाला रोग आणि विकारांच्या यादीत बसवावं लागलं.

आणि शेवटी नाव बदललं ते कशाने? त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, जगभर लोक रस्त्यावर आले, आणि जूनच्या अखेरीस कंपनीने 'फेअर' हा शब्द काढायचं जाहीर केलं. आता ती ग्लो अँड लव्हली. आपल्या बायका इतकी वर्षं सांगत होत्या, तेव्हा नाव हललं नव्हतं. बरं, फेअर आणि ग्लो, दोन्हींना मराठीत आपण 'उजळ'च म्हणतो. त्यामुळे नक्की काय बदललं ते तुम्हीच ठरवा.

आता कुब्जेकडे येऊ. भागवतकारांनी तिची ओळख करून देतानाच सांगून टाकलंय की तिचा चेहरा सुंदर होता. आणि कृष्ण तिला पहिली हाक मारतो ती सुंदर स्त्रीला मारावी तशी. तेव्हा ती वाकलेलीच आहे! अजून काही चमत्कार झालेला नाही. आधी हाक, मग विचारपूस, मग त्याने मागितल्यावर तिने दिलेली उटी, आणि नंतर तो तिच्या पायांवर पाय ठेवून, हनुवटीला दोन बोटं लावून तिला सरळ करतो. 

पण इथे एक प्रश्न आहे, तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. तिला सरळ केलंच ना? म्हणजे सरळ तेच चांगलं असं भागवतही म्हणतं की काय? कीर्तनात यावर सोपं उत्तर मिळतं, की तीन वाकणं म्हणजे तीन गुण, शरीराचा संबंधच नाही. मला ते पुरत नाही. श्लोकात शरीराचंच वर्णन आहे, आणि मोकळेपणाने आहे. मला एवढंच दिसतं की वाकलेली पाठ दुखते, चालताना, भांडं उचलताना त्रास देते. सावळा रंग कुणालाही दुखत नाही. तो दुखतो दुसऱ्याने बोलल्यावर. आणि या अध्यायात पाठ सरळ झाली, रंग कुणाचाच बदलला नाही. बदलणारा स्वतःच घननीळ, तो कशाला बदलेल?

आपल्या घरात मात्र त्याच घननीळाची आरती झाली की मुलीच्या स्थळाची बोलणी सुरू होतात. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' हा 'पण' कुठल्या कंपनीने शिकवला? पोटुशीला केशराचं दूध देताना 'बाळ गोरं होईल' म्हणणारी आजी टीव्हीच्या आधीची आहे. लग्नाच्या जाहिरातींतलं 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' आपणच पैसे भरून छापलं. शादी डॉट कॉमने २०२० मध्ये रंगानुसार स्थळ शोधायची सोय काढली. बैठकीतली सोय काढायला मंत्रालय येणार नाही. जाहिरातीवर बंदी हवी, मी त्या बाजूची आहे. फक्त त्या जाहिरातीतला सुस्कारा आपल्याच ओसरीवरून उचललेला होता, हे बंदी मागणाऱ्यांनी विसरू नये.

पंढरपुरात उन्हाळ्यात विठोबाला चंदनाची उटी लावतात, पाहिली असेल तुम्ही. उन्हाचा दाह होऊ नये म्हणून लावतात. काळ्याभोर अंगावर ती पिवळसर उटी काय खुलून दिसते! भागवतातही हेच वर्णन आहे, की त्यांच्या रंगाहून वेगळी ती उटी लावल्यावर दोघे भाऊ शोभून दिसले.

सरळ झाल्यावर कुब्जा कृष्णाला घरी बोलावते. काम झालं की येईन, असं तो सांगतो आणि पुढे ४८ व्या अध्यायात खरंच जातो. त्याबद्दल तेव्हा बोलू. उद्या याच अध्यायातला धनुष्यभंग.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥