शरणागत आणि राजधर्म

दारी आलेल्या भयभीताला अभय द्यावे, असे शास्त्र सांगते. आलेल्याची पारख करावी, असे राजनीती सांगते. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न आपल्या हिंगोलीकरांना परका नाही.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. १९४७-४८ साली रझाकारांचा जुलूम वाढला, तेव्हा कित्येक कुटुंबे घरदार, गुरेढोरे टाकून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. तिकडच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. पण त्याच सुमारास मराठवाड्यातल्या कित्येक निरपराध मुसलमानांवर कहर ओढवला, बायकापोरे निराधार झाली. भारत सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदविले आहे. पहिली गोष्ट सांगावी आणि दुसरी गिळावी, हे आम्हां कीर्तनकारांना शोभत नाही.

आता रामायण पाहा. बिभीषण शत्रूच्या गोटातून आला. सुग्रीव म्हणाला, ह्याचा भरवसा नाही, ह्याला मारा. रामाने त्याला गप्प बसविले नाही. एकेकाचे मत घेतले, हनुमंताचे ऐकले, मग अभय दिले. म्हणजे चौकशी करणे हे पाप नव्हे. पण विचार चालला होता तोवर बिभीषणाला परत लंकेत लोटले नाही, हे ध्यानात घ्या.

आपल्या देशात आश्रय मागणाऱ्यासाठी वेगळा कायदा नाही. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. २०२५ साली परदेशी नागरिकांविषयी नवा कायदा झाला, त्यातही आश्रय मागण्याची रीत घालून दिलेली नाही. तिबेटी लोकांना, श्रीलंकेच्या तमिळांना सरकारने ठेवून घेतले, ते हुकूम काढून. १९९६ साली चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीविताचे रक्षण नागरिकालाच नव्हे, प्रत्येक माणसाला आहे. तरी ज्याच्यासाठी हुकूम निघाला नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे?

कोणी म्हणेल, महाराज, घरचीच पोरे अर्धपोटी, परक्याला कोठून वाढावे? शंका खरी आहे. पण सगळ्यांना कायमचे ठेवून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. आलेल्याचे म्हणणे ऐकावे, निकाल होईतो परत लोटू नये, कपटी निघाला तर खुशाल घालवावे, एवढा नियम तरी असावा. नुसती दया मर्जीवर चालते. मर्जी फिरली की दार बंद.

पैनगंगेपलीकडच्यांचे ऋण आपल्यावर आहे. ज्याने दिले त्यालाच परत करावे, असे हे ऋण नव्हे. पुढे जो दारी येईल, त्याच्यापाशी ते फेडायचे असते.