आवाजाचीही शहानिशा करा

दुराचारी माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करावी, असा दिव्य कुरआनचा (49:6) आदेश आहे. आज अशी बातमी लेकाच्याच आवाजात येते. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्ता हुबेहूब आवाज घडविते. नागपुरातल्या मुलाचे ते खोटे रडणे ऐकून कोरपन्यातील अम्मी ममतेपोटी पैसे पाठवील.

तिला आजच सांगा: तो फोन ठेवावा, मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः विचारावे. घरात एक गुप्त शब्द ठरवा. फसवणूक झालीच तर विनाविलंब 1930 वर कळवा.

मात्र तिच्यावर रागावू नका. मातापित्यांना ‘उफ्’ म्हणण्यासही कुरआनने (17:23) मनाई केली आहे. तुमच्या रागाच्या भीतीने ती गप्प राहिली, तर पैसे रोखण्याची वेळ निघून जाईल.

अल्लाह आपल्या वडीलधाऱ्यांचे रक्षण करो. आमीन.