राजधानीच्या सरासरीखालचे साडेपंधरा लाख

लखनौ म्हटले की मराठी वाचकाला चौक, हजरतगंज, कबाब, चिकनचा कुर्ता एवढे आठवते. गाण्यात रमणाऱ्याला भातखंडेंच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेले संगीत महाविद्यालयही आठवेल. पण लखनौ नावाचा एक जिल्हा आहे, आणि मलिहाबाद, माल, काकोरी, गोसाईगंज, मोहनलालगंज, बक्शी का तालाब ही सगळी गावे-तालुके त्याच जिल्ह्यात येतात, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. लखनौत बसून धोरणे आखणाऱ्यांच्या तरी ते किती ध्यानात असते, याबद्दल मला शंका आहे.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ४५,८९,८३८ होती. क्षेत्रफळ अवघे २,५२८ चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला अठराशेवर माणसे. साक्षरता ७७ टक्के, दर हजार पुरुषांमागे ९१७ स्त्रिया, आणि दहा वर्षांत वाढ जवळपास २६ टक्के. त्याच काळात सगळा उत्तर प्रदेश २० टक्क्यांनी वाढला होता. वाढीतला हा फरक उन्नाव, हरदोई, सीतापूर, बाराबंकीकडून पोट भरायला येणाऱ्यांनी पडतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जिल्ह्यातले ६६ टक्के लोक शहरी गणले गेले. मग हा जिल्हा शहरी, राज्याच्या मानाने सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी ठरतो, आणि अहवाल पुढच्या जिल्ह्याकडे वळतो.

उरलेल्या ३४ टक्क्यांचे काय? ते साडेपंधरा लाख भरतात. त्याच जनगणनेत आपल्या सबंध रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. म्हणजे लखनौच्या शहरी आकड्यांआड जवळजवळ एक रत्नागिरी झाकली गेली आहे. रत्नागिरीची लोकसंख्या त्या दशकात घटली, तिथे हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया दिसल्या, त्यावर मराठीत चर्चा झाली, लेख आले. हे शक्य झाले, कारण रत्नागिरीला तिची स्वतःची सरासरी आहे. मलिहाबादला ती नाही. मलिहाबादची सरासरी गोमतीनगरच्या बंगल्यांसकट काढली जाते.

मराठी वाचकाला हे नागपूरवरून लगेच उमगेल. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेशेहेचाळीस लाख आणि शहरी वाटा ६८ टक्के, म्हणजे लखनौचे जुळे भावंडच. इथे काटोल-नरखेडची संत्री, तिथे मलिहाबादचा दशहरी आंबा. गंमत अशी, की अहवालांना न दिसणारी शहर-खेड्यांमधली ही फट मतदारसंघांच्या नकाशाला दिसली आहे. लखनौ लोकसभा मतदारसंघात शहरातल्याच पाच विधानसभा येतात. वाजपेयी तिथून निवडून जात, आता राजनाथ सिंह जातात. त्या जिल्ह्याची खेडी मोहनलालगंज या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात मतदान करतात. नागपुरातही तेच: शहर नागपूर मतदारसंघात, खेडी राखीव रामटेकमध्ये. खेड्यांची सामाजिक घडण शहराहून वेगळी आहे, हे सरकारने इथे मान्य केलेच आहे. पैसे वाटताना मात्र जिल्हा पुन्हा एक होतो. २०१८ मध्ये ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले गेले, ते जिल्ह्याच्या आकड्यांवरून. राजधानीचा जिल्हा त्यात बसणार तरी कसा? पाच वर्षांनी केंद्राने पाचशे आकांक्षित तालुक्यांचा कार्यक्रम काढला. उशिरा का होईना, सरासरीचा हा दोष सरकारी कागदावर मान्य झाला.

हा दोष आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि तिथले कृषिखाते त्यांना शहरी-ग्रामीण चढउतारावर एक ते नऊ क्रमांक देते. तरीही कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी, जिच्या पोटात मोहावे वाळवंटाचा मोठा भाग आहे, सबंधच्या सबंध महानगरी गणली जाते. पण तिथल्या वाळवंटात माणसे विरळ आहेत. मलिहाबादच्या बागांत दाट आहेत.

आता या बागांचेच अर्थकारण पाहा. दशहरीचे मूळ झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात आहे आणि मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हा आंबा एक वर्ष लगडतो, एक वर्ष रुसतो. पाहणी करणारा कोणत्या वर्षी गावात आला यावर गावाची श्रीमंती ठरावी, असा प्रकार. शिवाय पुष्कळ मालक मोहोर पाहूनच बाग ठेकेदाराला विकून मोकळे होतात. पुढचे नफा-नुकसान ठेकेदाराचे आणि तोडणी, राखण, पेट्या भरणे मजुरांचे. ही मजुरी हंगामाच्या दोनतीन महिन्यांची, आणि वर्षात सहा महिन्यांहून कमी काम करणारा जनगणनेत ‘सीमांत’ कामगार. बागेचा उंबरठा एकच, पण आतल्या तीन माणसांची तीन उत्पन्ने एका आकड्यात शिरतात.

त्यात शहराला विटा लागतात. बागांच्या पट्ट्यात वीटभट्टी लागली की तिच्या धुरातल्या वायूंनी आंब्याचे टोक काळे पडते. हा रोग बागाईतदारांना आणि शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जिल्ह्याच्या उत्पन्नात वीट जमेस धरली जाते. काळ्या टोकाचा आंबा कमी भावाने गेला, ती तूट मात्र वेगळी कुठे दिसत नाही. राजधानीजवळ असण्याचा फायदा नाही असे मी म्हणत नाही. दूध-भाजीला गिऱ्हाईक आहे, मोठी रुग्णालये तासाभरावर आहेत, रोजगाराला बस मिळते. पण फायदा कुणाचा आणि धूर कुणाचा, हा हिशेब जिल्ह्याच्या आकड्यात मांडताच येत नाही.

बायकांचे काम तर त्याहून अदृश्य. चिकनचे कापड शहरात छापले जाते, गठ्ठे बांधून खेड्यांत जाते, घराघरांत त्यावर मुर्री, फंदा, जालीचे टाके भरले जातात आणि धुलाईसाठी माल परत येतो. भरणारीला नगावर पैसे मिळतात, तेही मधल्या माणसाने आपले काढून घेतल्यावर. दारात आलेल्या गणकाला घरातला पुरुष सांगतो, ‘ती घरीच असते.’ मग परदेशी जाणाऱ्या कुर्त्याची कारागीर काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते. माझ्या मते या जिल्ह्याच्या आर्थिक चित्रातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती तालुकावार आकडे काढूनही सुटणार नाही. त्यासाठी गणकाला प्रश्नच वेगळा विचारावा लागेल: काय करता, याऐवजी गेल्या आठवड्यात सुई किती तास हातात होती?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळात, २०१९ मध्ये, लखनौ महापालिकेच्या हद्दीत ८८ गावे घेतली गेली. तिथली माणसे जागची हलली नाहीत, हद्द त्यांच्यावरून पुढे गेली. नव्या तक्त्यात लखनौचा शहरी टक्का बहुधा चढलेला दिसेल आणि त्याला प्रगती म्हटले जाईल. त्यातला किती टक्का माणसे शहरात आल्याने वाढला आणि किती शहर माणसांवर आल्याने, हे शोधायचे तर २०११ ची गावनिहाय यादी नव्या प्रभागांशी एकेक करून जुळवावी लागेल. हे किचकट काम कुणी हाती घेतलेच, तर त्याने मलिहाबादच्या आधी या ८८ गावांना हात घालावा.