सोंग आणि ढोंग

'सोंगढोंग' हा जोडशब्द आपण इतक्या सहज उच्चारतो, की त्यातील दोन शब्दांत काही अंतर असेल अशी शंकाही मनात येत नाही. गणेशोत्सवातील वेषभूषा स्पर्धेच्या वेळी मात्र ती शंका डोके वर काढते. पुठ्ठ्याची तलवार कमरेला लावलेला पाच वर्षांचा शिवाजी, नऊवारीत पाय अडखळणारी चिमुकली जिजाऊ यांना पाहून सारे कौतुक करतात. पण एखादे वडीलधारे गृहस्थ विचारतातच, 'जे आपण नाही ते आहोत असे दाखवणे म्हणजे खोटेपणाच ना?' प्रश्न साधा असला तरी टाळण्यासारखा नाही.

आमच्या मते सोंगात एक अलिखित करार असतो. सोंग घेणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही ते कधी ना कधी कळायचेच असते. तो चिमुकला शिवाजी आवेशाने संवाद म्हणतो आणि पुढच्याच क्षणी आईकडे पाणी मागतो. राजा आणि मूल एकाच अंगात नांदतात, एकमेकांना खोटे पाडत नाहीत. आपल्या दारी येणारा बहुरूपीही हेच करी. फौजदार होऊन तो दरडावी, घर क्षणभर गांगरे, मग हशा होई आणि तो हक्काने बिदागी मागे. कानडीत या कलावंतांना 'हगलुवेषगार' म्हणतात, म्हणजे भर दिवसा वेष घेणारे. ना रंगमंच, ना पडदा, ना रात्रीचा आडोसा! उत्तर कर्नाटकात मोहरमात अंगावर पट्टे रंगवून वाघ होणारी माणसेही त्याच जातकुळीची. ढोंगाचे मात्र उलटे असते. ते उघडकीस येऊ नये यासाठीच सारा खटाटोप असतो. रावण भिक्षेकरी होऊन आला तो हसवून बिदागी मागायला नव्हे.

या विषयावर विचार करताना आमचे मन आळंद तालुक्यातील कडगंचीकडे वळते. 'गुरुचरित्र'कार सरस्वती गंगाधर यांचे हे गाव. त्या ग्रंथातील परिटाची कथा आपल्या घरोघरी वाचली जाते. कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा तो परीट एके दिवशी नदीत नौकाविहार करणाऱ्या यवन राजाचा थाट पाहतो आणि भान हरपतो. जन्मभर दुसऱ्यांची वस्त्रे धुणाऱ्याला एकदा तरी राजवस्त्रे ल्यावीशी वाटली, यात नवल ते काय? गुरू त्याची निर्भर्त्सना करीत नाहीत. वासना अपुरी राहिली तर ती पुढे आड येईल, हे जाणून ते त्याला राज्य देतात. पुढच्या जन्मी तो वैदुरानगरीचा, म्हणजे आपल्या बीदरचा, राजा होतो. मांडीवरील फोडाने जर्जर होऊन गाणगापुरी येतो, तेव्हा श्रीनृसिंहसरस्वती त्याला राजा म्हणून नव्हे, तर परीट म्हणून हाक मारतात, इतके दिवस कोठे होतास असे विचारतात. त्या एका हाकेने त्याला पूर्वजन्म आठवतो. ती हाक अपमानाची नाही, ओळखीची आहे.

वेष पालटण्याची हौस म्हणजे दुसऱ्याचे आयुष्य थोडा वेळ जगून पाहण्याची भूक. परिटाला त्यासाठी एक आख्खा जन्म खर्चावा लागला. मुलांचे काम एका संध्याकाळीत भागते. आणि संध्याकाळ संपल्यावर कोणीतरी मूळ नावाने प्रेमाने हाक मारणारे हवे, म्हणजे सोंगाचे ढोंग होत नाही.

सरस्वती गंगाधरांनी स्वतःच म्हटले आहे, की आपल्याला मराठी भाषा येत नाही. कानडी घरातील या पुरुषाने गुरुआज्ञेने मराठीचा वेष घेतला आणि तो मराठी मनाचा नित्यपाठ झाला. तरी त्या ग्रंथात कानडी पदे आहेतच. नाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, महार यांची वाणी धारण केली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, त्याला निमित्त झाले कर्कीच्या भागवत मंडळींचे कानडी खेळ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून, किंबहुना त्याआधीपासूनच, आपणही घरात मराठी, बाजारात कानडी, शेजारी दखनी असे भाषेचे वेष बदलत आलो. त्यात लबाडी नव्हती, शेजारधर्म होता.

खरी अडचण आहे ती उतरत नाही अशा वेषाची. सरकारी सेवेत आयुष्य घालवल्यामुळे आम्ही हे जवळून पाहिले आहे. खुर्ची हाही एक पोशाखच. पण निवृत्तीनंतर कित्येकांना तो उतरवता येत नाही, घरातील मंडळींनाही ते अर्जदारच समजतात. जातीचा, कुळाचा ताठा तर कातडीलाच चिकटतो.

दुसरीकडे अनोळखी रूप सहन करण्याची सवयही मोडत चालली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात बीदर जिल्ह्यातील मुरकी येथे मुलांना चॉकलेट देणाऱ्या हैदराबादच्या एका तरुणाचा तशाच अफवेने बळी घेतला. अशा हिंसेची कारणे अनेक असतील. परंतु ज्या गावाला बहुरूप्याची ओळख असते, त्याला परक्या चेहऱ्याकडे पाहून आधी थबकण्याची आणि विचारपूस करण्याची सवय असते, असे आम्हांस वाटते.

म्हणून मुलांना वेष जरूर घेऊ द्यावेत. परंतु ते त्यांना निवडू द्यावेत. राजा व्हावे, तसे परीट, पोस्टमन, भाजीवाली आणि शेजारची दखनी बोलणारी आजीही व्हावे. ज्याचा अंगरखा आपण एकदा हौसेने घातला, त्याच्याविषयी मनात तुच्छता बाळगणे कठीण जाते. बक्षिसासाठी रडवेल्या मुलाच्या ओठांवर मिशी चिकटवण्याचा अट्टहास मात्र नको. आणि वडीलधाऱ्यांनी केवळ परीक्षकाच्या खुर्चीत न बसता वर्षातून एकदा स्वतःही एखादे सोंग घ्यावे. ते आपल्याला शोभले की नाही, हे नातवंडे निःसंकोच सांगतील.