वाट कोणी सोडावी?

बाजारपेठेची नव्याने उभारणी करताना एखादा रस्ता वाहनांसाठी बंद करावा की नाही, हे ठरवणे सहसा वाहतूक अभियंत्यांचे काम मानले जाते. परंतु या निर्णयातून एकाची सोय आणि दुसऱ्याची गैरसोय एकदमच निर्माण होत असल्यामुळे तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे. कर्मसिद्धान्ताची चर्चा करताना भारतीय दार्शनिकांनी दोन दोष टाळण्यास सांगितले आहेत: केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा ‘कृतहानी’ आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच वाट्याला येणे हा ‘अकृताभ्यागम’. हा विचार विश्वाच्या नैतिक रचनेविषयी असला, तरी नगररचनेलाही तो लावून पाहता येतो, कारण शहरात भोगणारा आणि करणारा यांची फारकत करण्याचे सामर्थ्य माणसांच्याच हाती असते.

रायपूरचे उदाहरण घेतले, तर जयस्तंभ चौक, मालवीय रोड, गोलबाजार आणि सदर बाजार हा जुना व्यापारी गाभा असून दिवाळीच्या गर्दीत त्याच्या काही भागांत चारचाकींना मज्जाव केला जातो. तेथून पश्चिमेकडे जाणारा जी. ई. रोड शारदा चौक आणि तात्यापारा यांच्या दरम्यान अरुंद असल्याने त्याच्या रुंदीकरणाची मागणी जुनी आहे. गाभ्यातील रस्ता कायमचा बंद झाला, तर वळवलेली वाहने आमापारा, समता कॉलनी आणि जेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे त्या चौबे कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर शिरू शकतात. तेथे दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात, मधल्या चिंचोळ्या पट्टीतून भाजीचा ठेला आणि शाळेची रिक्षा एकमेकांना चुकवीत पुढे सरकतात. आणि बाजाराच्या नफ्यात काडीचाही वाटा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आपल्याच फाटकाबाहेर पाऊल टाकताना थबकावे लागते. हाच अकृताभ्यागम होय.

रस्त्यावरील हक्काचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची एक यादी येते. तिच्यात वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, अध्ययन पूर्ण केलेला स्नातक, राजा आणि वर यांचा समावेश आहे. ही यादी निर्दोष नाही, कारण तिच्यात प्रतिष्ठा आणि गरज यांची सरमिसळ झाली आहे, आणि आजच्या समाजाने त्यातली प्रतिष्ठा निःसंकोच वगळली पाहिजे. मात्र वृद्ध, रोगी आणि भारवाहक यांचा मान त्यांच्या वेगामुळे नसून त्यांच्या अडचणीमुळे आहे, हा त्यातला अंश मोलाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात माणसांची व लहान जनावरांची वाट अडवणाऱ्याला 12 पण आणि मोठ्या जनावरांची वाट अडवणाऱ्याला 24 पण दंड सांगितला आहे, म्हणजे पायवाट अडवणे हाही तेथे दखलपात्र अपराधच ठरतो.

तथापि वळवलेली वाहतूक जशीच्या तशी शेजारी जाऊन पडते हे गृहीतकही पुरते खरे नाही. 2002 साली ब्रिटिश संशोधकांनी रस्त्यांची क्षमता घटवल्याची सत्तरांहून अधिक उदाहरणे तपासली, तेव्हा त्या परिसरातील वाहतुकीत मध्यक धरता सुमारे 11 टक्के घट आढळली, कारण लोकांनी वेळ, साधन किंवा जाण्याचे ठिकाण बदलले. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण नाहीशी झालेली प्रत्येक फेरी अनावश्यकच होती असे म्हणता येणार नाही. दुकानापर्यंत रिक्षा जात नाही म्हणून बाजारात येणेच सोडून दिलेला गुडघेदुखीचा रुग्णही त्याच घटीत मोजला जातो.

रस्ता वाहनांसाठी बंद करण्याच्या उलट टोकाचा विचार रायपुरातीलच शास्त्री चौकाजवळच्या स्कायवॉकमध्ये दिसतो. 2017 साली त्याचे काम सुरू झाले, राज्यातील सत्तांतरानंतर ते थांबले आणि त्याचा सांगाडा वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. खालचा रस्ता वाहनांना मोकळा ठेवून माणसाला जिना चढायला लावायचे, ही कल्पना ओझे वाहणाऱ्याला वाट देण्याच्या जुन्या विवेकाशी विसंगत आहे; रस्ता बंद करण्यात निदान वाट कोणी सोडायची हे उघडपणे ठरवले जाते.

पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त एका दिवसापुरता वाहनांसाठी बंद ठेवला गेला. अशा प्रयोगाचे नैतिक मोल त्याच्या अल्पकालिकतेत आहे, कारण त्यातून झालेला अन्याय परत घेता येतो, तर बांधून काढलेला पादचारी प्लाझा सहजासहजी परत घेता येत नाही. रायपुरात तसे करावयाचे झाल्यास गोलबाजारातील गर्दी आणि उलाढाल मोजण्याआधी गणकांना चौबे कॉलनीच्या गल्ल्यांत उभे करणे, तेथील रहिवाशांना आणि माल पोहोचवणाऱ्या हातगाडीवाल्यांना विचारणे, आणि त्यांच्या उत्तरावर बंदीची वेळ व व्याप्ती अवलंबून ठेवणे आवश्यक आहे.