बक इथे थांबतो

परवा नातीने विचारलं, "आजोबा, 'पासिंग द बक' म्हणजे काय हो?"

मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "आजीला विचार." आजी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "बाबाला विचार." बाबा दाढी करत होता. त्याने तिला शब्दकोशाकडे पिटाळलं. शब्दकोश माळ्यावर. माळ्यावर चढायचं कोणी यावर थोडी चर्चा झाली आणि पोरगी पुन्हा माझ्यापाशी आली. एव्हाना अर्थ तिला कळला असावा, पण फुकट विद्वत्ता पाजळायची संधी कोण सोडतो?

बक म्हणजे हरणाचा नर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायची पाळी कोणाची, हे लक्षात राहावं म्हणून त्याच्यापुढे एखादी वस्तू ठेवीत. हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू त्या कामी यायचा, म्हणून त्या वस्तूला 'बक' म्हणू लागले असं सांगतात. ज्याला वाटायचं नसेल त्याने तो शेजाऱ्याकडे सरकवावा. मार्क ट्वेनच्या १८७२ च्या 'रफिंग इट'मध्येही हे शब्द पत्त्यांच्याच बोलीत येतात. कचेरीत शिरले ते पुढे, विसाव्या शतकात.

जुगाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चाकू सरकवणं हे त्यांच्या खेळात लबाडीचं काम नव्हतं. शिवाय सगळे टेबलाभोवती बसलेले, त्यामुळे चाकू फिरून आपल्याकडे येणारच. कचेरीत टेबलं एकामागे एक असतात.

आपल्याकडे शिंगांची गरज पडली नाही. आपल्या भाषेने या कामाला सगळं शरीरच जुंपलं आहे. हात झटकावेत, काखा वर कराव्यात, कानांवर हात ठेवावेत आणि एवढं करूनही भागलं नाही तर सगळं अंगच काढून घ्यावं!

मी स्वतः यातलं काहीच केलं नाही. मी फक्त शेरा मारला.

गोष्ट १९८४ ची. मी नुकताच सुपरिंटेंडेंट झालो होतो. एका शिपायाच्या विधवेची फॅमिली पेन्शनची फाइल माझ्यापुढे आली. एका कागदावर बाईंचं नाव 'लक्ष्मीबाई', दुसऱ्यावर नुसतं 'लक्ष्मी'. सही करायचा अधिकार माझा. बाई समोरच्या बाकावर बसलेल्या, हातात पिशवी. पण उद्या ऑडिटवाल्यांनी ती 'बाई' कुठे गेली म्हणून विचारलं तर? मी लिहिलं, 'तपासून अभिप्रायासह परत यावे.' अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

फाइल गेली. या टेबलाने त्या टेबलाला, त्याने वरच्याला, वरच्याने आणखी वरच्याला विचारलं. सगळ्यांचे शेरे अदबशीर होते. पाच महिन्यांनी फाइल माझ्याच टेबलावर आली. शेवटचा शेरा होता, 'मूळ टेबलाने योग्य तो निर्णय घ्यावा.' पोकरवाले बरोबर होते म्हणायचे.

मी सही केली. अर्धं मिनिट लागलं. मधल्या काळात बाईंनी पाटल्या विकल्या होत्या, हे मला शिपायाकडून कळलं. ऑर्डर घ्यायला आल्या तेव्हा त्या हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमच्यामुळे झालं बघा." मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं!"

बोलायला हवं होतं ते तेव्हाच. ते काही मी बोललो नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावर १९४५ च्या ऑक्टोबरात एक पाटी आली, 'बक इथे थांबतो'. ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या सुधारगृहात ती तयार झाली होती. मागच्या बाजूला 'मी मिसुरीचा' असं होतं. गृहस्थ स्वतः पोकरचे शौकीन. पाटीच्या आधी दोनच महिने, ६ आणि ९ ऑगस्टला, हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडले होते. ती जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही. पण ट्रुमनसाहेबांनी बक थांबवला म्हणून हिरोशिमातल्या माणसांना काय मिळालं? अंगावर घेतलेला निर्णय बरोबरच असतो, असं काही मला म्हणवत नाही.

पण दुसरी बाजू मला जास्त बोचते, कारण ती माझी आहे. सही न करणं हाही निर्णयच होता की! पाच महिने त्याचीच अंमलबजावणी चालू होती. फक्त त्याच्याखाली माझी सही नव्हती, एवढंच.

नातीला मी पाटल्यांचं सांगितलं नाही. ट्रुमनचं सांगितलं. तिने लगेच पुठ्ठ्याची पाटी केली आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवली. जेवण सुरू झालं तेव्हा ती आमच्या सौ.पुढे होती, ताक घेताना चिरंजीवांपुढे. रात्री पाहिलं तर फ्रिजच्या माथ्यावर.

"तिकडे कोणी ठेवली?" नातीने विचारलं.

मी पेपर उघडला.